औषधांच्या चाचण्या आणि आरोग्याच्या बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे औषध, नवी लस, नवी उपचारपद्धती अशी बातमी आली की पाठोपाठ ठरावीक प्रश्न येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची जोड लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. कोणते औषध घ्यावे किंवा बंद करावे, हे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

१. बातमीत "संशोधनातून सिद्ध झाले" असे लिहिलेले असते. म्हणजे नेमके काय केलेले असते?

चार अगदी वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरला जातो. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर औषध टाकून पाहिले, ते संशोधन. उंदराला टोचून पाहिले, तेही संशोधन. हजारो माणसांच्या खाण्यापिण्याच्या आणि आजारांच्या नोंदी घेऊन कोणाला काय झाले ते तपासले, तेही. आणि रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला औषध दिले, दुसऱ्याला दिले नाही आणि पुढे काय झाले ते मोजले, तेही संशोधनच.

"हे औषध घेतल्याने माणूस बरा होतो का?" याचे थेट उत्तर शेवटच्या प्रकारातूनच मिळते. पहिल्या तीन प्रकारांशिवाय चाचणी कशाची करायची हेच कळले नसते, पण तेवढ्यावर गोळी सुरू करणे घाईचे. म्हणून बातमीत आधी शोधायचे ते हे, की प्रयोग कोणावर केला. पुष्कळदा हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात दडलेले असते, आणि काही वेळा नसतेच.

२. उंदरांवर औषध यशस्वी झाले. माणसांसाठी किती वर्षांत येईल?

बहुधा येणारच नाही. प्राण्यांवरचे प्रयोग पार करून माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण एकालाच शेवटी मान्यता मिळते. त्याआधीच गळालेल्यांची तर गणतीच नाही.

प्राण्यांनी किती चकवावे याचे टोकाचे उदाहरण २००६ मधले आहे. टीजीएन १४१२ नावाचे, प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवणारे औषध लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा होती. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, थंडी-ताप सुरू झाला आणि पुढे सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सगळे वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. नंतर कारण उमगले. हे औषध ज्या खुणेला जाऊन चिकटते ती खूण माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या काही स्मृतिपेशींवर (पूर्वी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशींवर) असते, चाचणीतल्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते. म्हणजे माकडाच्या शरीरात औषधाला पेटवायला काही मिळालेच नव्हते.

३. पहिला, दुसरा, तिसरा टप्पा म्हणजे काय?

पहिल्या टप्प्यात काही डझन माणसे, बहुधा निरोगी. औषध सोसते का आणि किती द्यावे, एवढेच पाहायचे. दुसऱ्यात शंभर ते काहीशे रुग्ण. काही परिणाम होतोय असे दिसते का आणि योग्य मात्रा कोणती. तिसऱ्यात शेकड्यांपासून हजारोंपर्यंत रुग्ण आणि सरळ तुलना. मान्यतेनंतर बाजारात आल्यावर जी नजर ठेवली जाते तिला चौथा टप्पा म्हणतात (प्रश्न ११ पाहा). "पहिल्या टप्प्यात औषध परिणामकारक ठरले" अशी बातमी दिसली तर लिहिणाऱ्याला हे टप्पे माहीत नाहीत असे खुशाल समजा.

४. अर्ध्या रुग्णांना औषध आणि अर्ध्यांना नुसती साखरेची गोळी, तेही चिठ्ठी टाकून? हा अन्याय नाही का?

जे औषध उपयोगी आहे हे आधीच पक्के माहीत आहे ते कोणाला नाकारणे हा अन्यायच, आणि तशी चाचणी नीतिसमिती मंजूर करत नाही. अशा वेळी दुसऱ्या गटाला साखरेची गोळी न देता सध्याचे सर्वांत चांगले औषध देतात. चिठ्ठ्या टाकायच्या त्या खरोखर माहीत नसेल तेव्हा.

आधुनिक पद्धतीची पहिली मोठी चाचणी म्हणून जिचा दाखला देतात ती ब्रिटनमध्ये झाली आणि १९४८ साली प्रसिद्ध झाली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले होते, पण युद्धानंतरच्या टंचाईत ते सगळ्यांना पुरण्याइतके नव्हतेच. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांची पद्धत आखली. पाकीट उघडेपर्यंत रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरलाही कळत नसे. यामुळे एक मोठी गडबड टळते. डॉक्टरला निवडायला दिले तर तो नकळत बऱ्या प्रकृतीच्या माणसाला नवे औषध देतो, किंवा उलट अगदी हाताबाहेर गेलेल्याला देतो, आणि मग फरक औषधाचा की माणसांचा हे सांगता येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन आणि पूर्ण विश्रांती मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ दगावलेले होते. जंतू औषधाला सरावले होते. एकट्या औषधाने क्षय बरा होत नाही, दोन-तीन एकत्र द्यावी लागतात, हा धडा त्यातूनच मिळाला.

५. शस्त्रक्रियेची चाचणी कशी करणार? खोटी शस्त्रक्रिया तर करता येत नाही.

येते, आणि केली जाते. गुडघ्याच्या संधिवातावर दुर्बिणीतून सांधा धुण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेत १८० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले. काहींचा सांधा खरोखर धुतला, काहींचा खरवडून साफ केला. तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर फक्त त्वचेला छेद दिले, आणि खरे वाटावे म्हणून शेजारी सलाइनचे पाणी उडवण्याचा आवाजही केला. दोन वर्षे पाठपुरावा केला तरी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक निघाला नाही.

हृदयाच्या स्टेंटची (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची) गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ऑर्बिटा या ब्रिटिश चाचणीत (२०१७) चालताना छातीत दुखणाऱ्या, पण झटका न आलेल्या २०० रुग्णांना गुंगीचे औषध देऊन, कानाला हेडफोन लावून अर्ध्यांना स्टेंट बसवला आणि अर्ध्यांना नुसते टेबलावर ठेवले. व्यायामाची क्षमता किती वाढली यात दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाही. त्यावर "स्टेंट निरुपयोगी" असे मथळे आले. पण त्या रुग्णांना छातीदुखीची औषधेही भरपूर चालू होती. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत ती औषधे बंद ठेवून पाहिले, तेव्हा स्टेंटने दुखणे खरोखर कमी झाले. आणि यांतले काहीही हृदयविकाराचा झटका चालू असताना टाकलेल्या स्टेंटला लागू नाही. तिथे तो जीव वाचवतो.

६. लाखो लोकांच्या नोंदी तपासलेला अभ्यास हा काही हजारांच्या चाचणीपेक्षा जास्त भरवशाचा नाही का?

आकडा मोठा असला की अंदाज नेमका होतो, बरोबर होतोच असे नाही. जो माणूस स्वतःहून एखादी गोळी घेतो तो इतर बाबतींतही वेगळा असतो. तो तपासण्या वेळेवर करतो, धूम्रपान कमी करतो, खिशात पैसे असतात. गोळीचे श्रेय म्हणून दिसणारा फायदा खरे तर या सगळ्याचा असू शकतो. संशोधक हिशेबाने हे फरक वजा करतात, पण जे मोजलेच नाही ते वजा कसे करणार?

पाळी गेल्यानंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे कित्येक वर्षांच्या नोंदी सांगत होत्या. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून हार्मोनची गोळी किंवा प्लासिबो (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) दिले, तेव्हा हृदयविकार उलट थोडा वाढला आणि २००२ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. (त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, पन्नाशीत, त्रासदायक लक्षणांसाठी हार्मोन घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे.) बीटा कॅरोटीनचेही असेच. भाज्या-फळे खाणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त असते आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ चा निष्कर्ष असा की बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे तर सेमाग्लुटाइड घ्या. मधुमेहासाठी हे औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे नोंदींवरून वाटत होते. सुरुवातीच्या अल्झायमरच्या सुमारे ३,८०० रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला: रक्त-मेंदूतले काही निर्देशक सुधारले, आजाराचा वेग मात्र मंदावला नाही. निर्देशक सुधारूनही रुग्ण सुधारत नाही हे कसे, ते प्रश्न ८ मध्ये.

नोंदींचे अभ्यास टाकाऊ आहेत असे यावरून समजू नका. धूम्रपानाने कर्करोग होतो हे त्यांनीच दाखवले. चिठ्ठ्या टाकून माणसांना सिगारेट ओढायला लावणे शक्य नव्हते, आणि परिणाम इतका प्रचंड होता की दुसरे कुठलेही कारण त्याला पुरे पडत नव्हते.

७. "धोका २६ टक्क्यांनी वाढतो" हे वाचून घाबरायचे का?

कशाच्या २६ टक्के, हे विचारल्याशिवाय नाही. वरच्या हार्मोनच्या चाचणीतच (प्रश्न ६) स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, असे जगभर छापून आले. मूळ आकडे असे: प्लासिबो घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला ३० जणींना कर्करोग झाला, हार्मोन घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिल्याने झोप उडते, दुसऱ्याने विचार करता येतो.

फायद्याच्या बाबतीतही हीच युक्ती चालते, आणि तिथे ती जास्त कामाची असते, कारण काहीतरी विकायचे असते. सेमाग्लुटाइडच्या सिलेक्ट या चाचणीत (१७,६०४ माणसे, सरासरी सव्वातीन वर्षांहून थोडी जास्त) हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण "२० टक्क्यांनी घटले". प्लासिबो गटात ते ८ टक्के होते, औषध गटात साडेसहा. म्हणजे साधारण ६७ जणांनी तेवढा काळ औषध घेतले तर एकाचा असा प्रसंग टळतो. माझ्या मते हा चांगला निकाल आहे. पण हा हिशेब ज्यांना लागू आहे ती माणसे कोण, हे प्रश्न १६ मध्ये नक्की वाचा.

बातमीत फक्त टक्केवारी असेल आणि मूळ प्रमाण कुठेच नसेल, तर ती बातमी अर्धीच आहे.

८. रिपोर्टमधला आकडा सुधारला, म्हणजे औषधाने काम केले ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि या पानावरून एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

रुग्णाला ज्याने फरक पडतो अशा गोष्टी थोड्या आहेत: किती जगला, कसा जगला, दुखणे कमी झाले का, पुन्हा दवाखान्यात जावे लागले का. त्या मोजायला वर्षे लागतात. म्हणून संशोधक त्यांच्याऐवजी लवकर मोजता येणारे काहीतरी धरतात: कोलेस्टेरॉल, गाठीचा आकार, ईसीजीवरची रेघ. हा बदली आकडा आणि खरा परिणाम एकमेकांना बांधलेले असतील तर ठीक. ते बांधलेले आहेत हे अनेकदा नुसते गृहीत धरलेले असते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या ईसीजीत मधूनच जादा ठोके दिसतात, त्यांच्यात अचानक मृत्यू जास्त होतात. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्या ते जादा ठोके बंद करतात. मग गोळी द्या, ठोके बंद, मृत्यू टळला. कागदावर यात एकही भोक नाही. अशा गोळ्या भरपूर लिहून दिल्या जात होत्या, आणि "यावर चाचणी कशाला?" असे विचारणारे डॉक्टर कमी नव्हते.

तरी अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी झाली. तिची रचना बघण्यासारखी आहे. आधी सगळ्यांना गोळी देऊन पाहिली. ज्यांचे जादा ठोके गोळीने खरोखर दबले त्यांनाच पुढे घेतले, आणि मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना तीच गोळी आणि अर्ध्यांना प्लासिबो दिले. म्हणजे रिपोर्टपुरते बोलायचे तर या चाचणीतल्या प्रत्येकाला औषध लागू पडलेले होते. सरासरी दहा महिन्यांनंतरचा हिशेब: गोळी घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ मृत्यू, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये तातडीने थांबवला. ईसीजी सुंदर होत होता आणि माणसे मरत होती. त्याहून वाईट म्हणजे हे नुकसान एकेका डॉक्टरला कधीच दिसले नसते. झटका आलेला रुग्ण दगावला तर दोष झटक्याला जातो.

हा एकच अपवाद असता तर गोष्ट वेगळी. टॉरसेट्रापिब या औषधाने "चांगले" कोलेस्टेरॉल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढवले. सुमारे १५,००० जणांच्या चाचणीत औषध गटात ९३ आणि दुसऱ्या गटात ५९ मृत्यू झाल्यावर २००६ मध्ये ते गुंडाळावे लागले. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, कारण गाठ वाढायला जास्त वेळ लागत होता. पुढच्या चाचण्यांत तो फायदा आक्रसला, आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि २०११ मध्ये त्या आजारापुरती मान्यता काढून घेतली. दुसऱ्या काही कर्करोगांत तेच औषध आजही वापरात आहे.

सगळेच बदली आकडे फसवे नसतात. रक्तदाब हा चांगला आकडा आहे: वेगवेगळ्या गटांच्या औषधांनी तो उतरवला की पक्षाघात कमी होतात, हे पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. एचआयव्हीच्या विषाणूंची रक्तातली संख्या हाही तसाच.

९. "संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय" म्हणजे फरक मोठा होता, असेच ना?

नाही. औषधात काहीच दम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे, इतकेच ते शब्द सांगतात. भरपूर माणसे घेतली तर नगण्य फरकही लक्षणीय ठरतो.

अल्झायमरवरचे लेकानेमॅब हे सध्याचे चर्चेतले उदाहरण. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी आजाराची घसरण "२७ टक्क्यांनी मंदावली". ज्या मापाने हे मोजले ते १८ गुणांचे आहे, आणि दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा होता. योगायोग नाही हे नक्की. घरच्यांना तो जाणवेल का, यावर मेंदूविकारतज्ज्ञांत अजून एकमत नाही. पारड्याच्या दुसऱ्या बाजूला दर पंधरवड्याला शिरेतून औषध, वारंवार एमआरआय, आणि १२.६ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये दिसलेली मेंदूची सूज (प्लासिबो गटात १.७ टक्के). मी स्वतः या औषधाला निकामी म्हणणार नाही, पण "अल्झायमरवर इलाज सापडला" हा मथळा चुकीचाच.

१०. एखाद्या कर्करोगात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण खूप वाढले. मग उपचार सुधारले असणारच!

असतीलही, पण त्या आकड्यावरून ते कळत नाही. एखाद्याचा कर्करोग ६७ व्या वर्षी लक्षणे दिसून सापडला आणि तो ७० व्या वर्षी गेला, तर तो पाच वर्षे जगला नाही. तोच कर्करोग तपासणीत ६२ व्या वर्षी सापडला आणि माणूस तरीही ७० व्या वर्षीच गेला, तर तो "पाच वर्षे जगलेल्यांत" मोजला जातो. एका दिवसाचेही आयुष्य न वाढता आकडा सुधारला.

त्यात भर पडते कधीच त्रास न देणाऱ्या गाठींची. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागल्यावर २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. तपासणीचा उपयोग पाहायचा तर लोकसंख्येतले मृत्यू घटले का, ते बघा.

११. चाचणीत एकही गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. मग औषध पूर्ण सुरक्षित मानायचे का?

यासाठी एक सोपा आडाखा आहे. ३,००० माणसांत एखादी गोष्ट एकदाही दिसली नाही, तरी तिचे खरे प्रमाण हजारात एकापर्यंत असू शकते. माणसांच्या संख्येला तीनने भागायचे. दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम तिसऱ्या टप्प्यात सहसा सापडतच नाही. तो लाखो लोकांनी औषध घेतल्यावर दिसतो.

दुसरी अडचण वेळेची. रोफेकॉक्सिब हे दुखण्यावरचे औषध १९९९ मध्ये बाजारात आले आणि २००४ मध्ये कंपनीने मागे घेतले, कारण एका तीन वर्षांच्या चाचणीत साधारण दीड वर्षानंतर हृदयविकाराचे झटके वाढताना दिसले. सहा-आठ आठवड्यांच्या चाचणीत हे दिसणे अवघडच.

१२. प्रीप्रिंटवर (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच इंटरनेटवर टाकलेल्या निबंधावर) विश्वास ठेवायचा नाही आणि मोठ्या जर्नलवर ठेवायचा, बरोबर?

२०२० ने हा नियम दोन्ही बाजूंनी मोडला. मे महिन्यात द लॅन्सेटमध्ये ९६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदींवरून निबंध आला की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला. पण मूळ नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडे होत्या आणि ती त्या कोणालाही तपासायला देईना. दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घेतला गेला. छापण्याआधी जर्नलच्या परीक्षकांनी निबंध वाचला होता, मूळ नोंदी कोणीच पाहिल्या नव्हत्या. सहसा पाहत नाहीतच.

त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा, कोविडवर दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल चक्क पत्रक काढून जाहीर झाला, मग प्रीप्रिंट आला, जर्नल नंतर. तो शंभर नंबरी खरा निघाला. (हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग होत नाही हेही शेवटी याच चाचणीने दाखवले.) छापले कुठे यापेक्षा केले कसे हे बघा: चिठ्ठ्या टाकल्या होत्या का, काय मोजणार हे आधी जाहीर केले होते का.

१३. "आधी जाहीर केले होते का" याला एवढे महत्त्व का?

कारण न आवडलेले निकाल गायब होतात. नैराश्यावरच्या बारा औषधांच्या, अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे नोंदवलेल्या ७४ चाचण्यांचा माग २००८ मध्ये संशोधकांनी काढला. ३८ चाचण्यांत औषध उपयोगी ठरले होते. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ संशयास्पद किंवा नकारात्मक होत्या. त्यांतल्या ३ तशाच छापल्या, ११ औषध उपयोगी आहे असा सूर लावून छापल्या, आणि २२ छापल्याच नाहीत. जर्नल वाचणाऱ्या डॉक्टरला बहुतेक सगळ्या चाचण्या यशस्वी वाटल्या असत्या, प्रत्यक्षात निम्म्याच होत्या.

२००५ पासून मोठी जर्नले चाचणी सुरू होण्याआधी तिची सार्वजनिक नोंद मागतात. नोंद कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. तिथे लिहिलेले मुख्य मोजमाप आणि बातमीतले मोजमाप वेगळे असेल तर कान टवकारावेत.

१४. एकूण फायदा नाही, पण "अमुक गटात फायदा दिसला". याला काय अर्थ?

बहुधा काही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यावे का, हे ठरवणाऱ्या आयसिस-२ चाचणीत (१९८८) १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनने जीव वाचतात हे स्पष्ट दिसले. जर्नलने निरनिराळ्या गटांचे वेगळे हिशेब मागितले. संशोधकांनी ते दिले, पण सोबत राशीनुसारही एक हिशेब जोडला: पाश्चात्त्य सूर्यराशीप्रमाणे मिथुन आणि तूळ असणाऱ्यांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही! पुरेसे तुकडे पाडले की कुठला तरी तुकडा विचित्र निघतोच, हे त्यांना दाखवायचे होते. तरी मिथुन राशीवाले कोणी ॲस्पिरिन नको म्हणून भेटले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग कोणता गट खरा मानायचा? जो आधीच ठरवला होता, ज्यामागे शरीराचे समजण्याजोगे कारण आहे, आणि ज्यात फरक पायरीपायरीने बदलतो. कोविडवरच्या डेक्सामेथासोनमध्ये (प्रश्न १२) तसे झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असणाऱ्यांतले २६.२ वरून २३.३ वर, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा नाही. आजार जितका फुप्फुसातल्या दाहाचा, तितका दाह शमवणाऱ्या औषधाचा उपयोग. जे लोक साधा ताप असताना स्टिरॉइड घेत होते त्यांनी हा तिसरा आकडा वाचायला हवा होता.

१५. काही जनुकीय उपचारांच्या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता, रुग्ण तीस-चाळीस. तरी मान्यता कशी?

आजाराची वाटचाल पक्की माहीत असेल आणि फरक डोळ्यांत भरणारा असेल, तर रुग्णाची तुलना त्याच्याच भूतकाळाशी करता येते. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राच्या) उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी दरवर्षी किमान दोन तीव्र वेदनांचे झटके येणारेच रुग्ण घेतले होते. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग बारा महिने एकही झटका आला नाही. इथे प्लासिबोची वाट पाहत बसण्याची गरज नव्हती. मात्र वीस वर्षांनी काय, हे तीस-चाळीस रुग्ण आज सांगू शकत नाहीत. म्हणून त्यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवले जाते.

याहून टोकाची घटना २०२५ ची: फिलाडेल्फियात एका बाळासाठी, यकृतातल्या त्याच्या स्वतःच्या जनुकदोषावर बेतलेले औषध सुमारे सहा महिन्यांत बनवून टोचले. बाळाला जास्त प्रथिने सोसू लागली, एरवीची औषधे कमी करता आली. "बरा झाला" असे त्याच्या डॉक्टरांनीही म्हटलेले नाही. एका रुग्णावरून हे करता येते एवढे कळते. किती जणांत जमेल ते कळत नाही.

ज्या आजारात दुखणे आपोआप कमी-जास्त होते (पाठदुखी, नैराश्य, सोरायसिस) तिथे तुलनेच्या गटाशिवाय केलेला दावा मात्र मोडीतच काढा.

१६. बातमीतले औषध माझ्या वडिलांना चालेल का?

चाचणीत कोणाला घेतले आणि कोणाला वगळले ते पाहा. प्रश्न ७ मधल्या सिलेक्ट चाचणीत ४५ च्या पुढची, वजन जास्त असलेली, आधीच हृदयविकार, पक्षाघात किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेली आणि मधुमेह नसलेली माणसे होती. तिशीतल्या निरोगी माणसाला ते २० टक्के लागू होत नाहीत. ऐंशीच्या पुढचे, मूत्रपिंड कमजोर असलेले, एकाच वेळी सात-आठ औषधे घेणारे आणि गरोदर स्त्रिया अनेक चाचण्यांत नसतातच. डॉक्टरांकडे कात्रण न्यायला हरकत नाही. सोबत "त्या चाचणीत यांच्यासारखे रुग्ण होते का?" एवढे विचारा.

१७. चाचणीचा खर्च औषध कंपनीने केला. मग ती आपोआप बाद?

नाही, तसे म्हटले तर जवळपास सगळीच नवी औषधे बाद होतील. कंपनीच्या चाचण्यांत आकडे खोटे असण्यापेक्षा प्रश्न सोयीचा निवडलेला असण्याची शक्यता जास्त: नव्या औषधाची तुलना जुन्याच्या अपुऱ्या मात्रेशी करणे, किंवा खऱ्या परिणामाऐवजी बदली आकडा धरणे (प्रश्न ८).

१८. चाचणी मुदतीआधी थांबवली, म्हणजे औषध घातक निघाले का?

तीन कारणे असतात, आणि बातमीत ती एकमेकांत मिसळतात. एक, नुकसान दिसले, जसे कास्टमध्ये (प्रश्न ८). दोन, पुढे चालवूनही फायदा सिद्ध होणार नाही असा हिशेब लागला. यात औषध घातक नसते, निरुपयोगी ठरते. तीन, फायदा इतका स्पष्ट दिसला की दुसऱ्या गटाला औषधाविना ठेवणे योग्य वाटेना. निर्णय एक स्वतंत्र समिती घेते. कोणता गट कोणता हे चाचणी चालू असताना फक्त तिलाच पाहता येते.

तिसऱ्या कारणाची बातमी सगळ्यात आनंदाने छापली जाते, आणि तिथेच थोडा हात आखडता ठेवावा. आकडे खाली-वर होत असतात. नेमके वर असताना थांबवले तर फायदा आहे त्याहून मोठा दिसतो, आणि उशिरा उगवणारे दुष्परिणाम (प्रश्न ११) दिसायच्या आधीच पाहणे बंद झालेले असते. अशा औषधाचा पुढच्या चाचणीतला आकडा सहसा पहिल्यापेक्षा लहान येतो.